मेथी कोण निवडतं?

"मॅडम, एवढे शिकलेले आहेत, सगळं समजते त्यांना, तरी फळं-भाज्या का खात नाही हे?" नागपुरात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. विचारणारी बहुधा बायको, कधी सून. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

आधी शब्दाचाच घोळ आहे. आपल्याकडे पोळीसोबत येतं ते सगळं भाजी. आलूचा रस्सा भाजी, पातोडी भाजी, शेवभाजी तर नावानिशी भाजी. पातोडी आणि शेव म्हणजे बेसन. आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, त्यात आलू धरतच नाही. त्यामुळे "दोन्ही वेळ भाजी खातो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. आठवडाभराचं जेवण लिहून आणायला सांगितलं की चार दिवस आलू-बेसनाचे निघतात. उरलेल्या दिवशी पाव किलो मेथी, तीही चौघांत. चार मोठ्या माणसांना फळं धरून दीड किलोच्या वर लागतं, हे ऐकून बायका पिशवीकडे बघतात. भाजी तोंडी लावायची आणि पोट पोळीनं भरायचं, असं आपलं ताट.

फळ तर आपण उपासाला नाहीतर दवाखान्यात खातो. शुगर निघाली की तेही बंद, कुणी सांगितलेलं नसताना.

पण मला सगळ्यात मोठं वाटतं ते कारण वेगळंच आहे, आणि ते मला घरातच कळलं.

नागपुरी संत्र्याचं साल सैल असतं, अंगठा घातला की निघतं. वर्षात दोन बहार: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबरपासून, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने घरात संत्री. बाबा रोज दोन खायचे. आई सोलून, शिरा काढून, बिया वेचून वाटीत द्यायची. आम्ही कौतुकानं सांगायचो, बाबांना फळांची फार आवड. आई गेल्यावर मी टोपलीभर संत्री ठेवून आले. पंधरा दिवसांनी गेले तर तशीच होती, सुरकुतलेली. बाबा म्हणाले, "लक्षातच नाही राहिलं." आणि मला आठवेना, आईला संत्रं खाताना मी शेवटचं कधी पाहिलं.

बाजार आणि तोंड यांच्यामध्ये अर्धा तास असतो. मेथी निवडायची, अंबाडी धुवायची, चिवळीतली माती काढायची. तो अर्धा तास घरात एकाच माणसाचा असतो. ते माणूसही नोकरीवरून आठ वाजता येतं, मे महिन्यात तर पालेभाजीनं दुपारीच मान टाकलेली असते, आणि मग बेसन हलवलं जातं. यात अज्ञान कुठे आहे? एकटे राहणारे, मिहानमधल्या कंपन्यांत शिफ्ट करणारे मुलगे मला सगळे फायदे पाठ म्हणून दाखवतात. त्यांच्या खोलीत चाकू नसतो.

म्हणून मी आता तक्ता देण्याआधी विचारते, "मेथी कोण निवडतं?" नवरे हसतात, बायका नाही. मग सांगते: संध्याकाळी टीव्हीसमोर बसाल तेव्हा जुडी मांडीवर घ्या. गाजर, काकडी, मुळा कापून जेवणाच्या आधी ताटात येऊ द्या, भूक असते तेव्हा. पेरू ओट्यावर धुतलेला ठेवा, फ्रिजच्या खालच्या खणात नाही.

आणि ज्या विचारायला येतात त्यांनाही मी कालचं ताट विचारते. अशाच एक ताई जरा वेळ गप्प होत्या. "सगळ्यांना वाढून उरलं नाही," म्हणाल्या. "लोणच्यासोबत खाल्ली पोळी."