सव्वा महिन्याचा फ्रीझर: ३६व्या आठवड्यापर्यंतची नोंद

बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यासाठी गोठवलेल्या जेवणाची ठरवली होती ४० पाकिटं, आज रात्री ३१ झाली. बायकोला परवा छत्तिसावा आठवडा लागला. हे आमचं दुसरं बाळ. पहिल्या वेळी ती कोल्हापूरला माहेरी गेली होती, सगळं आयतं ताटात येत होतं. या वेळी सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात आलंय, त्यामुळे सासूबाईंना पुण्याला येता येणार नाही. माझी आईही आता थकली आहे. म्हणजे बाळंतपणाचा स्वयंपाक माझ्याकडे, आणि गोठवून ठेवण्याचा नाद मला गेली दोन वर्षं आहेच.

एक पाकीट म्हणजे दोघांच्या एका जेवणाची आमटी, उसळ, कढण किंवा भाजी, साधारण ४०० मिली. आमचा साधा डबल डोअर फ्रिज आहे, वेगळा डीप फ्रीझर नाही. म्हणून सगळं झिपच्या पिशवीत आडवं, दोन सेंटिमीटर जाडीचं. ट्रेवर ठेवून गोठवायचं आणि घट्ट झालं की पुस्तकांसारखं उभं लावायचं. पातळ थर लवकर गोठतो हा त्याचा मोठा फायदा. हळू गोठलं की बर्फाचे स्फटिक मोठे होतात, भाजीच्या पेशी फुटतात आणि गरम करताना कढईत नुसतं पाणी सुटतं.

सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या, "बाळंतिणीला शिळं घालणार तुम्ही?"

तो प्रश्न मला टाळता आला नाही. शिळं म्हणजे नक्की काय, हा विचार करूनच पुढची सगळी आखणी केली. अन्न बिघडतं ते मुख्यतः कोमट राहिल्याने. म्हणून गॅस बंद केल्यावर कुकरमध्ये काही ठेवायचं नाही, लगेच परातीत पसरायचं, परात गार पाण्यावर आणि वर टेबलफॅन. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. पूर्ण गार झालं की फ्रीझर, तोही उणे १८ अंशांवर. एका वेळी चार-पाचच पाकिटं आत टाकतो, नाहीतर आधीची गोठलेलीही नरम पडतात. खायच्या वेळी पिशवीवर नळाचं पाणी सोडायचं, गोठलेली लादी सुटून कढईत येते, वाटीभर पाणी घालून खळखळून उकळी. पिशवीतच गरम करत नाही. उरलं तर पुन्हा गोठवत नाही.

आणि भात, भाकरी, फोडणी रोज ताजी. हे मी आता नियम म्हणूनच धरलंय. भाताला कुकर लावायला दहा मिनिटं लागतात, तो गोठवून जागा का अडवायची? ज्याला वेळ लागतो तेच आत जावं: भिजवणं, मोड आणणं, निवडणं, शिजवणं. गोठवलेल्या आमटीचा खमंगपणा थोडा उतरतो, पण वरून तूप-जिऱ्याची फोडणी चुरचुरली की तिच्यात जीव येतो. हे सांगितल्यावर सासूबाई मवाळ झाल्या आणि मुगाच्या कढणाची त्यांची रीत सांगितली. मूग आधी कोरडे भाजायचे, वास सुटेपर्यंत. मग शिजवून घोटायचे, सुंठ, मिरी, सैंधव. गूळ नाही. सात पाकिटं कढणाचीच आहेत आणि आजवर गोठवलेल्या पदार्थांत सगळ्यात कमी बदल त्यातच दिसला.

बाळंतपणाचं आपलं जेवण फ्रीझरला इतकं सोयीचं असेल असं मला वाटलं नव्हतं. शेपू मूगडाळ घालून उत्तम राहते. मेथीही. मोडाची मटकी एक शिट्टी कमी देऊन गोठवली की उकळीत बरोबर शिजते. तुरीचं साधं वरण घट्ट ठेवलं तर कमी जागेत बसतं. नापास झालेले: बटाट्याची भाजी (बटाटा स्पंजासारखा होतो), ताकाची कढी फाटली, आणि पिठल्याने पाणी सोडलं. पिठलं तसंही पंधरा मिनिटांचं काम.

हाळिवाच्या लाडवांवर मात्र मी पूर्ण रविवार घालवला. १०० ग्रॅम हाळीव, ते भिजवायला नारळाचं पाणी, दोन नारळांचा चव, ३५० ग्रॅम गूळ. हाळीव तीन तासांत असे फुगतात की पातेल्यात चमचा उभा राहतो. मग मंद आचेवर, सतत ढवळत, कडा सुटून गोळा होईपर्यंत. माझी पाऊण तास ढवळाढवळ झाली. २६ लाडू झाले. ओला नारळ असल्याने हे बाहेर टिकत नाहीत, म्हणून एकेक सुटा गोठवून डब्यात भरले. सकाळी दोन काढून ठेवले की दहापर्यंत मऊ होतात. लेकीने दोन आधीच लांबवले. डिंकाच्या लाडवांना फ्रीझर नकोच, खारीक-सुक्या खोबऱ्याचं सगळं कोरडं असतं, डब्यात महिनाभर छान राहतात. ते पुढच्या आठवड्यात.

पिठाचंही सांगतो, कारण मी स्वतः हे उशिरा शिकलो. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागू लागतं, दळल्यावर त्यातला स्निग्धांश लवकर खवट होतो. एक किलो दळून आणून पाव-पाव किलोच्या पाकिटांत गोठवलं. बारा दिवसांनी भाकरी थापली, कडवटपणाचं नाव नाही. फक्त पीठ आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि पाणी कढत घ्या, नाहीतर भाकरी कडेला चिरते.

नुकसानही झालंय. ३४व्या आठवड्यात पिशव्या संपल्या म्हणून कढण काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत भरलं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे मला माहीत होतं तरी घाईत जागा सोडली नाही. सकाळी बरणीला खालपासून वरपर्यंत तडा. काचेचा कण गेला असेल या भीतीने सगळं टाकून दिलं. तीन जेवणं होती ती. मला फार लागलं.

आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी अधूनमधून दिवसभर वीज बंद असते. त्यासाठी एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवलंय. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं तर आतलं सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजायचं. मागच्या गुरुवारी सात तास वीज नव्हती, दार एकदाही उघडलं नाही, नाणं जागच्या जागी. रिकाम्या फटींत पाण्याच्या बाटल्या कोंबल्या आहेत, पाकिटं वाढतील तशा त्या निघतील. वरचा कप्पा मात्र पुसून मोकळा ठेवलाय, तो बाळासाठी काढून ठेवायच्या आईच्या दुधासाठी.

काल रात्री अडीचला बायकोला भूक लागली. मी उठायच्या आत तिने स्वतःच कढणाची लादी पातेल्यात टाकली होती. मी स्वयंपाकघरात गेलो तर ओट्याला टेकून, एका हाताने वाटी धरून पीत होती. म्हणाली, "मीठ बरोबर आहे. पण पाकीट मोठं होतंय रे, रात्रीसाठी अर्धं कर." बरोबरच आहे, रात्री ती एकटीच खाणार आणि दुसऱ्या हातात बाळ असणार. उरलेल्या नऊतली चार आता २०० मिलीची आठ करतोय. उद्या मंडईतून शेपूच्या सहा जुड्या आणायच्या आहेत.