कुर्डीतलं ते दृश्य

मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी ओसरलं की गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं बुडालेलं कुर्डी पुन्हा दिसू लागतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं हे गाव. विस्थापित कुटुंबं दरवर्षी सोमेश्वराच्या उत्सवाला परततात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, फेस्ताला (सणाला).

मी डिचोलीचा. अठरा वर्षं माहितीपट करतोय. त्या दिवशी एक आजी आपल्या घराच्या जोत्यावर बसल्या, चूल होती त्या जागेवरून हात फिरवला आणि रडू लागल्या. कॅमेरा चालू होता. उजेड सुंदर, फ्रेम नेमकी. संमतीपत्रावर त्यांचा अंगठाही होता. पण तो सकाळचा, रडण्याआधीचा! मला रात्रभर झोप लागली नाही.

पंधरा दिवसांनी लॅपटॉप घेऊन त्यांच्या पुनर्वसन वसाहतीतल्या घरी गेलो, कच्चं संकलन दाखवलं. सगळं शांतपणे पाहून त्या म्हणाल्या, "पुता, रडलेलं नको. चूल दाखव."

दृश्य काढलं. निर्माते नाराज झाले, शेवटचा हप्ता अडला. आता माहितीपटात त्या जागी फक्त चिऱ्यांचं जोतं दिसतं आणि आजींचा आवाज ऐकू येतो: पेज कुठे शिजायची, नाचणी कुठे दळायची, पावसात सरपण कुठे रचायचं.