लाजरचं नाव

ब्रेन-डेड माणसाचं अंग गरम असतं. व्हेंटिलेटरवर छाती वरखाली होते, मॉनिटरवर ठोके दिसतात, लघवीची पिशवी भरत असते. अशा माणसाकडे बोट दाखवून त्याच्या आईला ‘हा गेला’ म्हणून सांगायचं आणि मग अवयवांचं विचारायचं, ही प्रत्यारोपण समन्वयकाची नोकरी. खरं तर पहिला भाग डॉक्टरांचा. पण ते ‘रिस्पॉन्स नाही’, ‘चान्सेस कमी’ असं पुटपुटून पुढच्या राउंडला निघून जातात.

नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब होतं. तरुण मुलगा, बाइक घसरलेली, डोक्यावर हेल्मेट नाही. पहिली ॲप्निया टेस्ट, म्हणजे मशीनशिवाय स्वतःचा श्वास येतो का ही तपासणी, झाली होती; कायद्याप्रमाणे किमान सहा तासांनी दुसरी. ती नीट करणं हे कसब आहे, आणि आमच्याकडे ती नीट होते. आधी भरपूर ऑक्सिजन द्यायचा, मग व्हेंटिलेटर सोडवायचा, बारीक नळीने ऑक्सिजन चालू ठेवायचा आणि छाती-पोटावर नजर खिळवून उभं राहायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड 60 वर पोचूनही एक श्वास आला नाही, आणि बाकीच्या तपासण्याही तेच सांगत असल्या, तर मेंदूचं काम संपलेलं असतं.

श्वास आला नाही. हात मात्र उठले. दोन्ही कोपरांत वाकले, छातीवर आले, जोडल्यासारखे झाले आणि खाली पडले. हे होतं कधीकधी. मेंदू मेला तरी मज्जारज्जू काही वेळ आपल्या आपण असं काही करतो. 1984 मध्ये एका शोधनिबंधात त्याचं वर्णन आलं, आणि ‘लॅझरस साइन’ हे नाव रूढ झालं. लॅझरस म्हणजे बायबलमधला लाजर, येशूने मेलेल्यांतून उठवलेला. आमच्या रेसिडेंटने ते नर्सला मोठ्याने, कौतुकाने सांगितलं. पडदा अर्धा उघडा होता आणि काचेपलीकडे आई उभी होती.

तिने हातही पाहिले, नावही ऐकलं. ती तिथेच गुडघ्यांवर बसली. ‘लाजर! डॉक्टरच म्हणाले, लाजर!’ तासाभरात निम्मी मंडळी पार्किंगमध्ये प्रार्थनेला उभी.

चार डॉक्टरांच्या सह्या झाल्यावर पाळकसाहेब आले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘पक्कं ना?’ मी हो म्हटलं. आता ते ‘विश्वास ठेवा’ म्हणणार आणि माझी रात्र जाणार, असं वाटलं. ते तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढला, लाजरचा. शिष्यांना वाटतं लाजर झोपलाय, झोपला असेल तर बरा होईल. तेव्हा येशू त्यांना उघड सांगतो की तो मेला आहे. ‘प्रभूनं आधी हे सांगितलं, बाई. कबरीवर तो नंतर गेला. आणि उठवणार हे ठाऊक असून रडला.’ मग म्हणाले, ‘लाजर पुढं कधीतरी पुन्हा मेलाच ना? पण मीच पुनरुत्थान आणि जीवन, हे प्रभूनं त्याच्या बहिणीला, मार्थेला, कबरीवरची धोंड काढायच्या आधीच सांगितलं. तेव्हा भाऊ कबरीतच होता. तुम्हालाही तेवढंच आहे आत्ता.’

आमच्या एकाही समुपदेशन प्रशिक्षणात मी इतकं सरळ बोलणं ऐकलेलं नाही.

ती बराच वेळ रडली. मुलगा गेला, हे तिने मानलं. मग मला विचारलं, ‘मॅडम, मग डॉक्टर लाजर का म्हणाले?’ मी मज्जारज्जूचं सगळं समजावलं. ‘म्हणजे मेलेल्याचा हात हलला की तुम्ही आमच्या लाजरचं नाव घेता?’ मी म्हटलं, मावशी, थट्टा नाही ती. अवयवांचं विचारलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, आपल्यात मनाई नाही, उलट चांगलं काम आहे. ती म्हणाली, ‘असेल. पण यांच्या हातात नाही देणार.’

त्या रात्री मी तो अध्याय स्वतः वाचला. मी ख्रिस्ती नाही. लाजर त्यात एक शब्द बोलत नाही. बोलतात बहिणी, आणि दोघी एकच बोलतात: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. आयसीयूच्या दाराशी हे वाक्य मी नेहमी ऐकते, आणि आम्ही त्याला ‘नातेवाइकांचा त्रास’ म्हणतो. येशू त्यावर मार्थेशी बोलत उभा राहतो, मरीयेसोबत रडतो.

नोंदवहीत कारण पडलं: ‘नकार – धार्मिक’. मी ते बदलायला सांगितलं. ‘रकान्यात तेवढेच पर्याय आहेत’, असं उत्तर मिळालं. रेसिडेंट्सना मी आता सांगते, खाटेपाशी ‘स्पायनल रिफ्लेक्स’ म्हणा. एकजण म्हणाला, ‘पण मॅडम, पुस्तकात लॅझरसच आहे.’