नावाआधीची चांदणी

माजी विद्यार्थ्यांचा अंक हातात आला की तो मागून उघडला जातो. मुखपृष्ठावर नव्या इमारतीचं छायाचित्र असतं, आत कुलगुरूंचं मनोगत असतं, पण बोट थेट जातं ते शेवटच्या तीन-चार पानांवर. तिथं बारीक टायपात निधन झालेल्यांची नावं असतात, बॅचनुसार लावलेली, सर्वांत जुनी बॅच आधी. पदवीनंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षं ही पानं कुणी वाचत नाही. मग एकदा शिकवायला असलेल्या बाईंचं नाव दिसतं, पुढं कधी दोन वर्षं सीनियर असलेल्या कुणाचं, आणि तिथून सवय लागते ती लागतेच. आपलं वर्ष यादीच्या तळातून अंकागणिक वर सरकत असतं, ते सगळ्यांना दिसत असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही.

हार्वर्डची पदवीधरांची सूची एके काळी दर तीन वर्षांनी निघायची, तीही लॅटिनमध्ये. जे हयात नाहीत त्यांच्या नावाला त्या सूचीत एक चांदणी जोडलेली असे. बस्स, एवढंच. आपल्याकडं ‘तारांकित’ म्हटलं की हॉटेल आठवतं किंवा विधानसभेतला प्रश्न. या यादीत तारांकित होण्याची मात्र कुणालाच घाई नसणार. जॉन लँगडन सिबली नावाचे ग्रंथपाल ही सूची वर्षानुवर्षं सांभाळत होते. नुसत्या चांदण्या लावून त्यांचं समाधान होईना, म्हणून १६४२ साली बाहेर पडलेल्या पहिल्या नऊ पदवीधरांपासून एकेकाचं चरित्र लिहायला त्यांनी घेतलं. पहिला खंड १८७३ साली आला, तिसरा १८८५ साली, आणि त्याच वर्षी सिबली स्वतः गेले. पुढचं काम चालू राहावं म्हणून आपली मिळकत मात्र ते मागं ठेवून गेले.

चांदणी लावणं दिसायला सोपं आहे. अवघड आहे ते ती योग्य नावाला लावणं. बातमी हजार वाटांनी येते: मुलाचं पत्र, वर्तमानपत्रातली चौकट, बॅचच्या ग्रुपवरचा हात जोडलेला इमोजी, ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा मारून परत आलेलं पाकीट. यातलं पाकीट हा पुरावा नव्हे, परत आलेला ईमेल तर नव्हेच. माणसं मरतात त्याच्या कितीतरी पटींनी अधिक वेळा घर बदलतात. ग्रुपवरचा इमोजीही एकच साक्ष, कारण तिथल्या चाळीस जणांनी एकाच माणसाचं वाचून हात जोडलेले असतात. म्हणून एकमेकांवर न विसंबलेल्या दोन ठिकाणांहून खात्री, नाहीतर घरच्या माणसाचा थेट होकार, एवढं झाल्याशिवाय नोंदीला हात लावायचा नाही.

सगळ्यात जास्त घोटाळे होतात ते सारख्या नावांमुळं. एकाच वर्षात एकाच नावाचे दोघं असतात, एक रसायनशास्त्राचा, दुसरा वाणिज्यचा. पदवीच्या वेळी पटावर असलेलं नाव एक, लग्नानंतरचं दुसरं आणि मैत्रिणींना ठाऊक असलेलं तिसरंच. त्यात ‘बॅच’ म्हणजे प्रवेशाचं वर्ष की पदवीचं, यावर कुणाचंच एकमत नसतं. म्हणून नाव, विषय, पदवीचं वर्ष आणि जन्मसाल हे चारही जुळवून पाहावं लागतं. १८९७ साली मार्क ट्वेन यांच्या मृत्यूची आवई उठली, तेव्हा खरं तर आजारी होते ते त्यांच्या नात्यातले दुसरे एक क्लेमन्स. ट्वेन यांचं मूळ आडनावही क्लेमन्सच. ट्वेन यांना निदान त्यावर विनोद करता आला. यादीत चुकून गेलेल्या निवृत्त लेखापालाला विनोद सुचत नाही, तो फोन करतो, आणि त्या फोनला काय उत्तर द्यायचं हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेलं नसतं.

वयाचीही एक ठरलेली चूक आहे. मृत्यूच्या वर्षातून जन्माचं वर्ष वजा केलं की वय निघालं, असं समजलं जातं. त्या वर्षीचा वाढदिवस व्हायचा राहिला असेल तर त्यातून आणखी एक वजा करावा लागतो. नोव्हेंबरात जन्मलेला माणूस मार्चमध्ये गेला, तर वजाबाकीत ८० येतात आणि तो असतो ७९ वर्षांचा. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्याच्या बायकोच्या नेमकं येतं.

खात्री झाली की आधी मृत्युलेख लिहायला बसायचं नाही, आधी पत्रं थांबवायची. देणगीचं आवाहन, स्नेहमेळाव्याचं निमंत्रण, आपोआप जाणाऱ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा हे सगळं बहुधा वेगवेगळ्या याद्यांमधून सुटत असतं. एका यादीतून नाव काढलं तरी दुसरीतून ‘आपल्या उदंड आयुष्यासाठी’ निघतंच. नवरा-बायको दोघंही तिथलेच विद्यार्थी असतील आणि दोघांची नोंद एकत्र असेल, तर एकाच्या चांदणीबरोबर दुसऱ्याची पत्रंही बंद होतात. मागं राहिलेल्या माणसाला मग वाटतं, आपल्यालाही काढून टाकलं. याच्यापुढं लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका काहीच नव्हेत.

मग येतो मजकूर. छोट्या नोंदीला शंभर-सव्वाशे शब्द मिळतात, मोठ्या लेखाला पाचशे. नाव, पदवी, वर्ष, तारीख, वय यातच पंचवीस-तीस शब्द खर्ची पडतात. मागं कोण कोण आहे हे लिहिण्यात वीस जातात. उरलेल्या सत्तर शब्दांत पन्नास वर्षांचं काम बसवायचं. मृत्यूचं कारण घरच्यांनी सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हटलं, तरच छापायचं. घरचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख कधीच छापायची नाही. गेलेल्या माणसाच्या नावावरही कर्ज काढणारे लोक असतात.

त्या सत्तर शब्दांची दैना कशामुळं होते, याचं उत्तर एका तर्कशास्त्रज्ञाच्या वर्तुळांत सापडतं. एकमेकांवर चढलेली वर्तुळं काढून तर्क मांडणारे जॉन व्हेन शाळेतल्या गणितामुळं सगळ्यांना माहीत आहेत. पण उतारवयात त्यांनी घेतलेलं मोठं काम वेगळंच होतं: केंब्रिजमध्ये १९०० सालापर्यंत शिकलेल्या ज्या ज्या माणसाचा पत्ता लागेल, त्याची चरित्रनोंद. कोण कुठून आला, कधी दाखल झाला, पुढं काय झाला, कधी गेला. मुलगा हाताशी होता. पहिला खंड १९२२ साली निघाला, पुढच्याच वर्षी जॉन व्हेन वारले, आणि दहावा, म्हणजे शेवटचा खंड निघाला १९५४ साली, मुलाच्या हातून.

ती वर्तुळं इथं काढून पाहावीत. एक वर्तुळ वर्गमित्रांचं: त्यांना माणूस विसाव्या वर्षीचा माहीत, परीक्षेच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या वह्या मागणारा. दुसरं कामावरच्या सहकाऱ्यांचं. तिसरं घरच्यांचं, त्यातही मुलांना आई-बाप आठवतात ते चाळिशीनंतरचेच. मृत्युलेख लिहिणारा सहसा तिघांनाही मान्य होईल असंच लिहायला जातो, म्हणजे तिन्ही वर्तुळं जिथं एकमेकांवर येतात त्या मधल्या इवल्याशा तुकड्यात जाऊन बसतो. आणि त्या तुकड्यात असतं काय? मनमिळाऊ. हसतमुख. कर्तव्यदक्ष. कधीही न भरून येणारी पोकळी. हे खोटं नसतं, पण ते कुणाचंही असू शकतं. माणूस असतो तो बाहेरच्या तीन चंद्रकोरींत, जिथं एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्या दोघांना ठाऊक नाही. मुलीला माहीत नसतं की आई विद्यापीठात भालाफेक करायची. भालाफेक पाहिलेल्या मैत्रिणीला माहीत नसतं की पुढं तिनं तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले. आणि प्रयोगशाळेत कुणाला माहीत नसतं की ती घरी रोज शब्दकोडं शाईपेनानं सोडवायची. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की विशेषणाची गरज संपते.

म्हणून प्रश्नही तसेच विचारावे लागतात. ‘त्या कशा होत्या?’ असं विचारलं की उत्तर ‘फार चांगल्या’ असंच येतं, दुसरं काय येणार? त्यांच्या टेबलावर काय पडलेलं असायचं, त्या कशावरून चिडायच्या, निवृत्तीनंतर कामावरचे लोक फोन करून काय विचारायचे, असं विचारलं की माणसं बोलू लागतात. पहिल्या आठवड्यात विचारू नये. तेव्हा घर भरलेलं असतं आणि डोकं रिकामं. दोन-तीन आठवड्यांनी फोन करावा. छापील फॉर्म पाठवला तर ‘भूषवलेली पदं’ हा रकाना भरून येतो आणि बाकीचे कोरे.

पदांचं तर काय सांगावं! शेवटचं पद म्हणजे माणसाची कारकीर्द नव्हे, पण लेखाची पहिली ओळ तेच अडवून बसतं. ‘संचालक म्हणून निवृत्त’ हे असतं शेवटच्या चौदा महिन्यांचं. त्याआधीची सव्वीस वर्षं पुलांच्या पायाचे खड्डे मोजण्यात गेलेली असतात, आणि ते पूल उभे असतात. मधेच नोकरी सोडलेल्या बाईंची दहा-बारा वर्षं लेखात नाहीशीच होतात. ज्यानं पदवी पुरी केली नाही त्याला यादीत घ्यायचं की नाही यावरही वाद होतात. माझ्या मते घ्यावं. ‘अ‍ॅलम्नस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पोसलेला, वाढवलेला. उत्तीर्ण झालेला असा नाहीच.

काही नोंदींना मात्र काहीच सापडत नाही. नाव, विषय, वर्ष, तारीख. फोन लागत नाही, बॅचमधलं कुणी उरलेलं नाही. अशी नोंद एका ओळीची राहू द्यावी, विशेषणांनी फुगवू नये. अंक छापून झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी कधी कुणाचं पत्र येतं: आम्ही एका खोलीत राहायचो, त्याला रेडिओ उघडून परत जोडता यायचा, एक स्क्रू मात्र नेहमी उरायचा. त्या पत्रावर मिळाल्याची तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव टाकून ते त्या माणसाच्या फायलीत लावतात. पुढच्या अंकातली दुरुस्ती तारखांची असते, आणि आडनावातल्या ऱ्हस्व-दीर्घाची.