पिवळं बटण

ट्रान्सफॉर्मरच्या टाकीच्या आत ‘टक’ झालं तेव्हाच कळलं. इम्पल्स टेस्टमध्ये आधी कमी व्होल्टेजचा फटका देतात, मग पूर्ण. आमच्या ६६ केव्हीच्या, म्हणजे ६६ हजार व्होल्टच्या, वाइंडिंगला (तांब्याच्या पट्टीची कॉइल) ३२५ केव्ही. लाइनवर वीज पडली तर काय होईल, त्याची ही रंगीत तालीम. दोन्ही वेळच्या करंटच्या रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या की पास. आमची दुसरी रेषा मध्येच भलतीकडे गेली. तारीख २३ मार्च.

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांनी काम केलंय त्यांना मार्चअखेर सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की ३१ तारखेच्या आत ट्रेलर गेटबाहेर गेला तरच विक्री त्या वर्षात धरतात.

तेल काढलं, गाभा उचलला. नट सोडले की कॉइल बाहेर येते असं आमच्या अकाउंट्सवाल्यांना वाटतं. वरच्या योकच्या, म्हणजे गाभ्याच्या आडव्या भागाच्या, पत्र्या जेमतेम पाव मिलिमीटरच्या, हजारोंनी, आणि एकेक हाताने उपसायची; वाकवलीत तर नो-लोड लॉस, म्हणजे भार नसतानाही वाया जाणारी वीज, वाढला म्हणून समजा. दोन पाळ्या त्यात गेल्या. मग दिसलं: लाइनकडच्या टोकाला, पट्टी वाकवून कॉइलच्या एका चपट्या थरातून, डिस्कमधून, दुसऱ्या डिस्कमध्ये उतरवतात तिथे कागद जळून काळा, तांब्याला बारीक खड्डा.

प्लँट हेडचा पहिला प्रश्न, ‘‘वाइंड कोणी केली?’’

केली होती काकांनी. शॉपमधले सगळ्यात जुने वाइंडर, राहायला दांडिया बाजारात. संध्याकाळी त्यांना चहाच्या किटलीवर गाठलं. म्हणाले, ‘‘त्या रिळाची पट्टी कडेला धारदार होती, साहेब. वाकवली की कागद चिरायचा. दिसला तिथे क्रेप कागद गुंडाळला. एक निसटला असणार.’’

मग बटण का नाही दाबलं?

हे बटण म्हणजे आमच्याकडचं मोठं प्रकरण. दोन वर्षांपूर्वी ट्रेनिंगला आलेल्या माणसाने कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्याची गोष्ट सांगितली होती. जनरल मोटर्सचा तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला. कामगार बहुतेक जुनेच, पण गाड्यांचा दर्जा पार पालटला. तिथे काही खटकलं की कामगार दोरी ओढायचा आणि टीम लीडर धावत यायचा, मदतीला. आमचे प्लँट हेड दहा मिनिटांत डिस्पॅचच्या मीटिंगला उठून गेले. पुढच्या महिन्यात परचेसने दोरीऐवजी पिवळी बटणं आणून प्रत्येक मशीनला लावली; दाबलं की वर दिवा लागतो. धावत येणारा माणूस मात्र ऑर्डरमध्ये नव्हता.

बटण एकदाच दाबलं गेलं. ज्या पोराने दाबलं, तो पुढचा महिनाभर रात्रपाळीत होता.

‘‘दिवा माझ्या डोक्यावर लागतो, साहेब,’’ काका म्हणाले, ‘‘रिळावर नाही.’’ आणि चहा संपवता संपवता, ‘‘तुम्हाला सांगितलं होतं की.’’

सांगितलं होतं. ‘‘जरा हात लावून बघता का?’’ एवढंच म्हणाले होते. मी ग्राहकाच्या इन्स्पेक्टरबरोबर होतो. उद्या बघू म्हटलं. उद्या कॉइल ओव्हनमध्ये गेली होती आणि स्टेज इन्स्पेक्शनच्या कागदावर माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी ड्रॉवरमधून प्रेसबोर्डची, म्हणजे इन्सुलेशनच्या पुठ्ठ्याची, एक घडी काढून दाखवली. पट्टी वाकते तिथे कागदाखाली सरकवायची, म्हणजे कड टोचत नाही. स्वतःच्या डोक्यातून काढलेली, कित्येक कॉइलमध्ये वापरलेली. ‘‘मग या कॉइलमध्ये का नाही?’’ ‘‘गेल्या वर्षी ऑडिटमध्ये तुम्हीच लिहिलंत ना, ड्रॉइंगबाहेरचं मटेरियल.’’

लिहिलं होतं, आणि आजही तेच लिहीन. तिथली जाडी वाढली तर तेलाची वाट अरुंद होते, कॉइल तापते. ते डिझाइनने तपासल्याशिवाय चालत नाही. पण शेरा मारून मी पुढच्या मशीनकडे गेलो. घडी कशासाठी आहे हे विचारलं नाही. अलकापुरीच्या ऑफिसात रंगीत खुर्च्यांचा इनोव्हेशन सेल आहे, तिथल्या कोणाला आमच्या वाइंडिंग शॉपचं दार माहीत असेल असं वाटत नाही.

फेल्युअर रिपोर्टमध्ये कारणाचे चार चौकोन असतात: माणूस, मशीन, माल, पद्धत. ‘माणूस’वर टिक करून पाठव, असा निरोप दोनदा आलाय. मी माल आणि पद्धत दोन्हींवर केली, आणि पद्धतीखाली माझं नाव लिहिलं. वरून अजून सही झालेली नाही. ट्रान्सफॉर्मर अर्थातच एप्रिलमध्ये गेला.

काकांची घडी डिझाइनला पाठवली, सोबत स्केच आणि मापं. काल उत्तर आलं, एका ओळीचं: हे कोणाच्या परवानगीने वापरलं?