कमरेला बांधलेला रुमाल

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय वाचताना क्रियापदं मोजून पाहा. येशू भोजनावरून उठला, बाह्यवस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेतला, कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, शिष्यांचे पाय धुतले, रुमालाने पुसले. सात कामं, आणि त्यातलं एकही मनातल्या मनात होणारं नाही. लूक सांगतो की त्याच भोजनाच्या वेळी शिष्यांमध्ये ‘आपल्यात मोठा कोण’ यावरून वाद झाला होता. येशूला धरून देणारा शिष्य यहूदा अजून उठून गेला नव्हता. त्याचेही पाय त्या बारांत होते.

म्हणून नम्रता ही आधी मनात यावी आणि मग हातून घडावी, अशी वाट पाहत बसू नये. हाताने करायला लागा, मन मागून येतं. पेत्र पुढे आपल्या पहिल्या पत्रात (5:5) ‘नम्रतारूपी कमरबंद बांधा’ असं लिहितो. मूळ ग्रीक शब्दात गाठ मारून बांधण्याचा अर्थ आहे. रुमाल बांधलेला येशू डोळ्यांसमोर ठेवूनच त्याने तो शब्द निवडला असावा, असं मला वाटतं. याच पेत्राने त्या रात्री ‘माझे पाय कधीही धुवायचे नाहीत’ म्हणून पाय आखडून घेतले होते. दुसऱ्याची सेवा घ्यायला नको-नको म्हणण्यातही गर्व असतो, आणि तो चटकन ओळखू येत नाही. आजारपणात मंडळीतल्या कुणी आणलेला डबा ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणत परत पाठवणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

पण नम्रतेची खरी कसोटी क्षमा मागताना लागते. मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा आणि समेट कर. ऐकणारी बरीच माणसं गालीलातली होती आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. आपल्याला शेजारच्या गल्लीत जायचं असतं, तरी पाय उचलत नाही.

क्षमा मागताना नेमकं काय बोलावं? जे केलं त्याचं नाव घ्यावं: ‘पंचांच्या बैठकीत मी तुमच्यावर हिशेबाचा खोटा संशय घेतला, ते चुकलं. मला क्षमा करा.’ एवढंच. ‘तुमचं मन दुखावलं असेल तर’ म्हटलं की चूक समोरच्याच्या मनावर ढकलली जाते. ‘पण’ हा शब्द आला की पुढचं सगळं वकिली होते. आणि ‘मी किती वाईट, मी कुणाच्याच लायकीचा नाही’ असं रडगाणं सुरू झालं, तर ज्याचं नुकसान झालं त्यालाच आपली समजूत काढावी लागते. तोही गर्वच, फक्त डोळे पुसणारा. अपमान चारचौघांत केला असेल तर कबुलीही त्याच चारचौघांत द्यावी. निरोप पाठवू नये, स्वतः जावं. लगेच क्षमा मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

पैशाचा प्रश्न असेल तर पैसे परत करावेत. फसवून घेतलेलं कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं मोशेचं नियमशास्त्र सांगतं (गणना 5:7). येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने, फसवून घेतलेलं चौपट देतो म्हटलं. क्षमा मागताना खिशात हात घालायला त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

प्रार्थनेत गर्व कसा शिरतो ते लूक 18 मधल्या दाखल्यात दिसतं: मंदिरात एक परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा, आणि एक जकातदार प्रार्थना करतात. नियमशास्त्राने वर्षातून एकच दिवस उपास सक्तीचा केला होता. परूशी आठवड्यातून दोनदा करत होता. त्याचं बिघडलं ते जकातदाराशी तुलना करताना. उपासनेत उभं राहून जड शब्दांत लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, त्या बाईंनी केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये शेवटची वर्षं हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली, आणि मराठीही निवडली ती साधी, थोडंफार शिकलेल्या बायांना कळेल अशी. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं त्यांनी ते बाजूला ठेवलं. विद्येचा रुमाल कमरेला बांधणं म्हणतात ते हेच.

आता जे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे ते. नम्रता स्वतः पत्करायची असते. दुसऱ्याच्या डोक्यावर ती लादता येत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘नम्र हो, सोस’ म्हणणं, किंवा कमी जातीचा समजून मागे बसवलेल्याला लीनतेवर प्रवचन ऐकवणं, हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. महायाजकासमोर शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने विचारलं, ‘मी योग्य बोललो असलो तर मला का मारतोस?’ फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना, रोमी नागरिक असूनही, चौकशीविना फटके मारून बंदिशाळेत टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायला सांगितलं, तर पौल हलला नाही: त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली.

‘लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना’ हे पौलाने पुढे लिहिलं ते याच शहरातल्या मंडळीला. तिथल्याच बंदिशाळेच्या नायकाने त्या रात्री, फटक्यांचं रक्त वाळलेलं असताना, दिवा घेऊन येऊन दोघांच्या जखमा धुतल्या होत्या.