सीवर्ल्डचा ताळेबंद आणि टाकीतला ऑर्का

१३ ऑगस्ट २०१४. समुद्री प्राण्यांचे पार्क चालवणाऱ्या सीवर्ल्ड या अमेरिकन कंपनीचा शेअर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात एका दिवसात ३३ टक्के कोसळला. आदल्या दिवशी २८ डॉलरच्या आसपास असलेला भाव बाजार बंद होताना १९ च्या खाली होता. जेमतेम सोळा महिन्यांपूर्वी, एप्रिल २०१३ मध्ये, हाच शेअर पहिल्यांदा विक्रीला येऊन २७ डॉलरने लोकांच्या गळ्यात पडला होता. घसरणीचं निमित्त तिमाही निकालातलं एक वाक्य होतं: ऑर्कांच्या (किलर व्हेलच्या) खेळांवर बंदी आणू पाहणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या प्रस्तावित कायद्यामुळे माध्यमांत जी चर्चा झाली, तिचा मागणीवर परिणाम झालाय. प्राण्यांवरून चाललेल्या वादाची झळ गल्ल्यापर्यंत पोचली, हे कंपनीने तेव्हा पहिल्यांदा कबूल केलं.

त्याआधीचा घटनाक्रम थोडक्यात असा. २४ फेब्रुवारी २०१० ला फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या पार्कात टिलिकम नावाच्या नर ऑर्काने प्रशिक्षक डॉन ब्रँशोला पाण्यात ओढून मारलं. हा प्राणी १९८३ मध्ये आइसलँडजवळ पिलू असताना पकडलेला, आणि माणसाचा जीव जाण्याची त्याच्या टाकीतली ही तिसरी घटना. जानेवारी २०१३ मध्ये त्याच्यावरचा 'ब्लॅकफिश' हा माहितीपट सनडान्स महोत्सवात आला, ऑक्टोबरमध्ये सीएनएनने तो घरोघरी पोचवला.

आता आकडे. कंपनीच्या सगळ्या पार्कांत मिळून २०१२ मध्ये २ कोटी ४४ लाख लोक आले, २०१३ मध्ये २ कोटी ३४ लाख, २०१४ मध्ये २ कोटी २४ लाख आणि २०१७ मध्ये २ कोटी ८ लाख. पाच वर्षांत साधारण १५ टक्के घट. बाहेरून पाहणाऱ्याला ही घट किरकोळ वाटते. पण या बेरजेत बुश गार्डन्स आणि सेसमी प्लेस हे कंपनीचे इतर पार्कही येतात, तिथे ऑर्का नाहीत. खरा फटका सीवर्ल्ड नावाच्या तीन पार्कांना बसला. उद्योगातल्या अंदाजांनुसार एकट्या ऑर्लँडोची गर्दी २०१२ मधल्या सुमारे ५३ लाखांवरून २०१७ मध्ये ४० लाखांच्या खाली आली. सॅन डिएगो ४४ लाखांवरून ३१ लाखांवर.

सगळं खापर माहितीपटावर फोडणंही बरोबर नाही. २०१३ मध्ये कंपनीने सवलती कमी करून तिकिटं महाग केली होती, त्याने काही गर्दी आपसूक घटली. ऑर्लँडोत शेजारच्या युनिव्हर्सल पार्कने जुलै २०१४ मध्ये आपल्या हॅरी पॉटर नगरीचा दुसरा भाग उघडला. पण सॅन डिएगोत असा नवा शेजारी कोणी नव्हता आणि घसरण तिथेही तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच. माझ्या मते वादाचा परिणाम मोजायचा तर सॅन डिएगोचा आकडा धरावा.

१५ टक्के घटीने कंपनी एवढी का हलली, याचं उत्तर खर्चाच्या रचनेत आहे. पाळणे-झोपाळ्यांचं साधं पार्क मंदीत काही राइड बंद ठेवू शकतं, मोसमी कामगार कमी करू शकतं. ऑर्काला मोसम नसतो. एका मोठ्या ऑर्काला दिवसाला साधारण ६० ते ११० किलो मासे लागतात, आणि ते माणसाने खाण्याच्या प्रतीचे. मासे गोठवून साठवतात. गोठवणं आणि वितळवणं यात त्यांतलं पाणी आणि बी-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून माशांच्या कल्ल्यांत जीवनसत्त्वाच्या गोळ्या कोंबाव्या लागतात. समुद्रातला ऑर्का आपलं पाणी भक्ष्यातूनच मिळवतो. टाकीतल्याला ते पुरेसं मिळावं म्हणून जिलेटिनचे ठोकळे खाऊ घालतात. वर पाणी गाळणं, थंड ठेवणं, त्याची क्षारता सांभाळणं आणि चोवीस तास पशुवैद्य. गेटवर दहा माणसं आली काय नि दहा हजार आली काय, हा खर्च तसूभर हलत नाही. म्हणून शेवटचे १५ टक्के पाहुणे गेले की महसूल १५ टक्के कमी होतो, पण नफ्याचा मोठा लचका तुटतो.

दातांचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे, कारण प्राण्याचं दुखणं आणि कंपनीचा खर्च तिथे एकाच जागी दिसतात. टाक्यांना जोडणाऱ्या दारांचे लोखंडी गज आणि काँक्रीटच्या कडा ऑर्का चावत बसतात. कंटाळा आणि टाकीतली आपसातली भांडणं ही त्यामागची कारणं. दात झिजतो किंवा तुटतो, आतला गर उघडा पडतो. मग छिद्र पाडून तो गर काढतात, आणि छिद्र बुजवता येत नसल्याने ते रोज पाण्याने धुवावं लागतं, प्राणी जगेल तोवर. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकाच कंपनीच्या मालकीच्या २९ ऑर्कांचे दात छायाचित्रांवरून तपासले होते. प्रत्येकाच्या दातांना काही ना काही इजा होती, एकही अपवाद नाही. स्टँडमध्ये बसलेल्या कुटुंबाला हे दिसत नव्हतं. फोनवर फोटो फिरायला लागल्यावर दिसायला लागलं.

प्रेक्षक हळूहळू गळतात, भागीदार मात्र एका बैठकीत निर्णय घेतात. २०१३ च्या शेवटी पार्कातल्या संगीत महोत्सवातून एकामागून एक बँड बाहेर पडले. साउथवेस्ट एअरलाइन्सने २६ वर्षांची भागीदारी संपवत असल्याचं जुलै २०१४ मध्ये जाहीर झालं. त्यांची काही विमानं ऑर्काच्या रंगात रंगवलेली असायची. ब्रिटिश सहल कंपन्यांपैकी २०१८ मध्ये थॉमस कुकने, २०१९ मध्ये व्हर्जिन हॉलिडेजने तिकीटविक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं. ब्रिटिश पर्यटक फ्लोरिडात दोन-दोन आठवडे राहणारा आणि तिकिटं आगाऊ घेणारा. त्याच्यापर्यंत जाणारा विक्रेताच गेला, तर तो पर्यटक जाहिरातीने परत आणायला खूप पैसा लागतो.

मग परवाने. सॅन डिएगोत १० कोटी डॉलर घालून टाक्या जवळपास दुप्पट करण्याची योजना कंपनीने ऑगस्ट २०१४ मध्ये मांडली: ५० फूट खोल, सगळं मिळून एक कोटी गॅलन, म्हणजे पावणेचार कोटी लिटरच्या वर पाणी. हेतू असा की मोठी टाकी बघून टीका निवळेल. पण पार्क किनाऱ्यावर असल्याने कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनची मंजुरी लागत होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये कमिशनने मंजुरी दिली, अट घालून: तिथे ऑर्कांचं प्रजनन करायचं नाही. नवी पिलं नाहीत तर एवढी मोठी टाकी कशासाठी? योजना बारगळली. प्राण्यांच्या प्रश्नावर पैसा ओतून मार्ग काढायचा रस्ता तिथेच बंद झाला.

दडवादडवीची किंमत सगळ्यात जास्त पडली. ब्रँशोच्या मृत्यूनंतर कामगार-सुरक्षा खात्याने लावलेला दंड ७५ हजार डॉलरचा होता, न्यायाधीशांनी तो १२ हजारांवर आणला. एवढ्या मोठ्या कंपनीला ही चिल्लर. पण माहितीपटाचा धंद्यावर काहीच परिणाम नाही असं २०१३ च्या अखेरीपासून ऑगस्ट २०१४ पर्यंत सांगत राहिल्याबद्दल कंपनी आणि तिच्या माजी प्रमुखाला २०१८ मध्ये रोखे नियामकाशी ५० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. भागधारकांचा दावा २०२० मध्ये साडेसहा कोटी डॉलरला मिटला. मधेच फेब्रुवारी २०१६ मध्ये, आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यकर्ते म्हणून विरोधकांत पाठवलं होतं, हेही कंपनीला मान्य करावं लागलं. जी कंपनी प्राण्यांवरच्या मायेवर तिकिटं विकते, तिच्यावरचा विश्वास उडाला की बाकी काही उरत नाही. २०१७ मध्ये ऑर्लँडो पार्कचं सुमारे २७ कोटी डॉलरचं गुडविल पुस्तकातून काढून टाकावं लागलं आणि त्या वर्षीचा तोटा २० कोटींवर गेला. नावलौकिक गेला हे हिशेबतपासनिसांनी अक्षरशः आकड्यात लिहून दिलं.

१७ मार्च २०१६ ला कंपनीने ऑर्कांचं प्रजनन थांबवल्याचं जाहीर केलं. हा निर्णय योग्यच होता, आणि दबावाशिवाय झाला नसता असं मला ठामपणे वाटतं. पुढे भर राइडवर आला: ऑर्लँडोत माको, आइस ब्रेकर, पाइपलाइन, सॅन डिएगोत इलेक्ट्रिक ईल. २०२३ मध्ये अबू धाबीत उघडलेल्या सीवर्ल्डमध्ये ऑर्काच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने स्वतःचं नावही बदलून युनायटेड पार्क्स केलं.

मग धंदा सावरला का? २०२३ मध्ये २ कोटी १६ लाख लोक आले आणि महसूल १७३ कोटी डॉलर झाला. २०१२ मध्ये तो १४२ कोटी होता. माणशी उत्पन्न ५८ वरून ८० डॉलरवर गेलं. वाचायला छान, पण अमेरिकेतली महागाई धरली तर २०१२ चे १४२ कोटी म्हणजे २०२३ चे सुमारे १८९ कोटी. म्हणजे खऱ्या किमतीत महसूल घटलाच. व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीचा नफा मात्र २०१३ मधल्या ४४ कोटींवरून ७१ कोटींवर गेला, तो मुख्यतः खर्च आटोक्यात ठेवून. भागधारकांची काळजी मिटली. टाक्या त्याच राहिल्या.

छोट्या पार्कांना एवढीही संधी मिळाली नाही. मायामी सीक्वेरियममध्ये टोकिटे ही मादी १९७० पासून ८० फूट लांब, ३५ फूट रुंद टाकीत होती. ती ऑगस्ट २०२३ मध्ये मरण पावली. पार्क चालवणारी कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. फ्रान्समध्ये २०२१ च्या कायद्याने खेळांवर बंदी घालायचं ठरलं, अँटिबचं मरीनलँड जानेवारी २०२५ मध्ये बंद झालं, आणि दोन ऑर्का रिकाम्या पार्कात मागे राहिले. कॅनडातल्या नायगाराच्या मरीनलँडने ३० बेलुगा (पांढरे देवमासे) चीनला पाठवायची परवानगी मागितली, ती २०२५ मध्ये नाकारली गेली. गेट बंद, उत्पन्न शून्य, पण तीस तोंडांना रोज मासे हवेच होते. पार्क उघडतानाच बंद पडल्यावरच्या खर्चाची ठेव बाजूला काढायला लावली असती, तर ही वेळ आली नसती. ही तरतूद कायद्यातच हवी.

आपल्याकडे हा प्रश्न वेळेआधीच अडवला गेला. चेन्नईजवळच्या डॉल्फिन सिटीत १९९८ मध्ये बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते. पुढे १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने डॉल्फिनेरियमला परवानगी देऊ नये असं केंद्राने राज्यांना कळवलं. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीच्या 'सी वर्ल्ड' प्रकल्पाची चर्चा बरीच वर्षं चालली, ती मुख्यतः जमिनीवरून. जमिनीइतकाच हा खर्चाचा हिशोबही तेव्हा गावात मांडायला हवा होता.

सॅन डिएगोच्या टाकीत कॉर्की नावाची मादी आहे. डिसेंबर १९६९ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या पेंडर हार्बरमध्ये तिला पकडलं. बंदिवासात तिची अनेक बाळंतपणं झाली, एकही पिलू दोन महिनेसुद्धा जगलं नाही. तिच्या कुटुंबातले ऑर्का त्याच किनाऱ्यावर आजही फिरतात. प्रजनन थांबवण्याच्या निर्णयाने तिच्या दिवसात काही फरक पडला नाही: सकाळी वितळवलेल्या माशांच्या बादल्या येतात, कल्ल्यांत गोळ्या भरलेल्या असतात.